विषय मिळाला, पुढे काय?

“सर, विषय मिळालाय. वाचलंयही बरंच. पण लिहायला बसलं की काही सुचतच नाही. असं का होतं?”

प्रकल्प, निबंध, लघुप्रबंध, काहीही लिहायला सांगितलेला विद्यार्थी आज ना उद्या हा प्रश्न विचारतोच. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पदवीच्या वर्गात क्षेत्रीय प्रकल्प आला. त्यामुळे पूर्वी एम.ए.च्या वर्गात ऐकू येणारा हा प्रश्न आता बी.ए., बी.कॉम.ची मुलेही विचारतात. त्यावर ठरलेले उत्तर मिळते: ‘वाचन वाढव.’ उत्तर खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. ज्याला चाळीस पाने वाचून काही सुचले नाही, त्याला चारशे वाचून सुचेल असे मानायला आधार काय? बहुधा त्याचा गोंधळ तेवढा वाढेल.

अडचण वाचनाच्याही आधीची असते. ती एका उदाहरणाने बघू. समजा, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली एक विद्यार्थिनी आहे. इतिहास घेऊन बी.ए. करते आहे. तिच्या वाट्याला विषय आला ‘१९७२ चा दुष्काळ आणि माझे गाव’. तिने मोबाइलवर शोधले, दहा-बारा लेख साठवून ठेवले, नवी वही घेतली, पहिल्या पानावर ‘प्रस्तावना’ लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली. आठवडा झाला, वही त्या रेघेपुढे सरकलेली नाही.

१. विषय म्हणजे प्रश्न नव्हे

‘१९७२ चा दुष्काळ’ हा विषय झाला आणि विषयाला अंत नसतो. पावसाचे आकडे, करपलेली पिके, विकलेली जनावरे, मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसे, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, सरकारची धोरणे असे सगळेच त्यात बसते. त्यामुळे काय वाचायचे आणि काय सोडायचे, हे ठरवता येत नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन नुसते ‘किराणा द्या’ म्हटले तर वाणी तोंडाकडे बघत राहील. तूरडाळ अर्धा किलो, गूळ पाव किलो असे काहीतरी सांगावे लागते, तेव्हा त्याचा हात फळीकडे जातो.

मग प्रश्न कुठून आणायचा? तो बहुतेक वेळा घरातच असतो. आपल्या विद्यार्थिनीची आजी दुष्काळात गावच्या पाझर तलावाच्या कामावर होती. नातीने सहज विचारले, “आजी, सगळं गाव यायचं का गं कामाला?” आजी म्हणाली, “सगळं कशाला यील? ज्येच्या हिरीला पाणी हुतं, त्यो कशाला यील माती उचलायला?”

साठवलेल्या दहा लेखांत नव्हते ते या एका वाक्यात आहे. त्यातून प्रश्न तयार होतो: आमच्या गावच्या तलावाच्या कामावर १९७२-७३ मध्ये कोण गेले, कोण गेले नाही आणि विहिरीच्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध होता का?

प्रश्न चांगला आहे की नाही, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नसावे. उत्तर शोधायला जाता येईल अशी एखादी जागा, माणूस किंवा कागद एस.टी.च्या टप्प्यात असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला अंदाज चुकीचा ठरण्याची सोय त्या प्रश्नात असावी. ‘दुष्काळाचे भीषण परिणाम’ या शीर्षकाखाली लिहिलेले काहीच कधी चुकत नाही, म्हणूनच त्यातून काही कळतही नाही. याउलट ‘विहीरवाले कामावर आले नाहीत’ हे विधान खोटे निघू शकते. पडताळून बघण्यासाठी धरलेल्या अशा तात्पुरत्या उत्तराला ‘गृहीतक’ म्हणतात. आजीने ते बसल्या जागी देऊन टाकले.

इथे शिक्षकांनाही थोडे बोलले पाहिजे. पन्नास विषयांची यादी सूचना फलकावर लावून हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटून टाकली की मार्गदर्शन झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. विषय वाटून मिळाला तरी चालेल. प्रश्न मात्र ज्याचा त्यानेच शोधायचा असतो, आणि शिक्षकाने त्यासाठी अर्धा तास बसून बोलायला हवे.

२. मोठे चित्र, पण थोडक्यात

प्रश्न हाती आला की मग वाचन. तेही आधी विषयाची चौकट कळण्यापुरते. त्यासाठी मराठी विश्वकोश आणि जिल्ह्याचे गॅझेटियर पुरते. ही दोन्ही आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. गॅझेटियर म्हणजे सरकारने प्रसिद्ध केलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ: जमीन, पाऊस, पिके, वस्ती, इतिहास.

या वाचनातून काय मिळवायचे? पाठ करायची माहिती नको, तुलनेला माप हवे. उदाहरणार्थ, मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आकडा मोठा आहे, पण नुसता उतरवून घेतला तर निर्जीव. तो १९७१ च्या जनगणनेशेजारी ठेवा. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे राज्यातल्या दर दहा माणसांमागे एक माणूस खडी फोडत होता किंवा माती वाहत होता. त्या पाच कोटींत तान्ही मुले आली, म्हातारी आली, मुंबईसारखी शहरेही आली. ती वगळली तर दुष्काळी खेड्यांतल्या धडधाकट माणसांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असणार. आता आपल्या गावाकडे वळा. १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या दिलेली असते. ती काढली की एक नेमके काम पुढ्यात येते: आमच्या गावातून दहात एक गेला, की दहात चार?

आणखी एक फायदा. ‘७२ च्या दुष्काळामुळे रोजगार हमी योजना जन्माला आली’ हे वाक्य अनेक प्रकल्पांत एकमेकांतून उतरत आलेले असते. थोडे नीट वाचले तर दिसते की वि. स. पागे यांच्या पुढाकाराने या कल्पनेचा प्रयोग दुष्काळाच्या आधीच, १९६९ मध्ये, सांगली जिल्ह्यातच तासगाव तालुक्याच्या विसापूर भागात सुरू झाला होता. दुष्काळाने योजनेला बळ दिले, कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. सर्वतोमुखी झालेले एक वाक्य असे दुरुस्त करता आले की विद्यार्थ्याला स्वतःच्या अभ्यासावर विश्वास बसू लागतो. तो दहा उपदेशांनी बसत नाही.

चौकट कळली की हे वाचन थांबवायचे. ‘अजून थोडं वाचतो, मग लिहितो’ ही लिखाण टाळण्याची सर्वांत प्रतिष्ठित रीत आहे.

३. कोण सांगते आहे, आणि किती जवळून?

इतिहासाचे अभ्यासक माहितीच्या आधारांना ‘साधने’ म्हणतात. त्या काळात तिथे असलेल्या माणसाची आठवण किंवा त्याच वेळी तयार झालेला कागद, ही प्राथमिक साधने. त्यांवरून पुढे कोणी लिहिलेला लेख किंवा ग्रंथ, ते दुय्यम साधन. दुय्यम म्हणजे कमी दर्जाचे असे नव्हे. ते घटनेपासून एक पायरी दूर असते, एवढेच. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो याच पायरीसाठी. बखरीत काय म्हटले आहे ते ठीक, पण त्या वेळचे पत्र काय म्हणते, हा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या विद्यार्थिनीसाठी पहिले साधन म्हणजे गावातली म्हातारी माणसे. त्यांना विचारण्याची एक हातोटी आहे. ‘मजुरी किती होती?’ असा सवाल थेट टाकला तर कोणताही आकडा येतो. दुष्काळानंतरही ती माणसे वर्षानुवर्षे रोजगार हमीवर गेलेली असतात आणि सगळ्या वर्षांचे पगार डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात. त्याऐवजी आठवणीला घरातल्या एखाद्या गोष्टीची खुंटी द्यावी. थोरल्याचा जन्म कामाच्या आधीचा की नंतरचा? मुकादम कोण होता? मस्टरवर तुमचे नाव होते की सासूचे? कामावर जाताना भाकरी कशाची असायची? मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी हे शब्द निघाले की आठवण बहुधा ७२-७३ चीच आहे, असे धरायला हरकत नाही. आणि एकाच घरी थांबू नये. तलावावर गेलेल्यांचे घर, न गेलेल्यांचे घर, मुकादमाचे घर आणि गाव सोडून गेलेल्यांचे घर अशी चार प्रकारची घरे गाठावीत. ज्या आळीत आपण सहसा जात नाही, तिथले घर तर हवेच. एरवी अख्ख्या गावाचा इतिहास म्हणून एका आळीचा इतिहास लिहिला जातो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आठवण कागदाशी ताडून बघायची. विहिरीचा मुद्दा घ्या. शेताच्या पीकपाहणीत, म्हणजे सातबाऱ्यातल्या ‘बारा’ क्रमांकाच्या नमुन्यात, पिकांबरोबर सिंचनाचे साधन नोंदवलेले असते. त्या वर्षांचे जुने उतारे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळाले, तर आजीचे म्हणणे तपासता येईल. गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर हाही कामाचा कागद. कोणत्या मुलाने कधी शाळा सोडली आणि कारण काय, ते त्यात लिहिलेले असते. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन फक्त संख्या टिपावी, मुलांची नावे उतरवू नयेत. त्या वर्षांचे ‘केसरी’, ‘सकाळ’, ‘मराठवाडा’ यांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत बघायला मिळू शकतात. तिथे चिठ्ठी लिहून द्यावी लागते आणि ग्रंथपालाला विषय सांगण्याऐवजी प्रश्न सांगितला तर तो कपाटातून नेमके काहीतरी काढून देतो. हा माणूस महाविद्यालयातला सर्वांत कमी वापरला जाणारा तज्ज्ञ आहे.

तलावाची फाइल जिल्हा परिषदेत असू शकते. साधी विनंती करून दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, आणि उत्तर देण्याची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच टाकायचा. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात टाकलेल्या अर्जाचा उपयोग पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला.

४. टिपणे

टिपण म्हणजे उतारा नव्हे. एका कागदावर एकच मुद्दा, खाली तो कुठून घेतला ते: पुस्तकाचे नाव, लेखक, पान, किंवा कोण बोलले, कधी, कुठे. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हे. पानाचा क्रमांक ‘नंतर बघू’ म्हणून सोडला की तो शोधण्यात पुढे अख्खी संध्याकाळ जाते. मोबाइलवर पानांचे फोटो काढणे हे टिपण नाही. फोटोतल्या मजकुराशी आपली अजून भेटच झालेली नसते.

५. उसने आणि आपले

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे प्रकल्प पेनड्राइव्हवर मिळतात, हे गुरुजनांना ठाऊक नाही अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. ती दूर करायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. शोधप्रबंध आणि लघुप्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो, यावर त्यांत पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करायला बंदी. त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. पण टक्के मोजणारे यंत्र जुळणारे शब्द मोजते, उचललेला विचार मोजत नाही. शब्द फिरवून लिहिले आणि विचार कोणाचा ते सांगितले नाही, तर यंत्र गप्प राहील. चोरी ती चोरीच.

दुसऱ्याचे घेणे हा गुन्हा नाही. न सांगता घेणे हा गुन्हा आहे. संदर्भ देण्यात कमीपणा कसला? आपण कोणाकोणाकडून शिकलो याची ती जाहीर यादी असते.

आता चॅटजीपीटीचा प्रश्न येणारच. तुमच्या गावच्या पाझर तलावाविषयी त्याला विचारलेत तर ते सफाईदार चार परिच्छेद देईल. कदाचित संदर्भग्रंथांची यादीही देईल आणि त्यातली काही पुस्तके कोणी कधी लिहिलेलीच नसतील. पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत ते वाक्य रचते. ते तुमच्या आजीशी बोललेले नाही. शुद्धलेखन तपासायला, किचकट इंग्रजी उतारा समजून घ्यायला ते जरूर वापरा. जे पुस्तक हातात धरून पाहिले नाही ते संदर्भसूचीत घालू नका, एवढे पथ्य पाळले तरी बरेच संकट टळते.

६. प्रस्तावना शेवटी

लिखाणाची सुरुवात पहिल्या पानापासून करायची, ही समजूत बहुतेकांना अडकवते. जे अजून लिहिलेच नाही त्याची प्रस्तावना कशी करणार? आपल्या विद्यार्थिनीने ‘प्रस्तावना’ खोडावी आणि जे सर्वांत पक्के माहीत आहे तिथून सुरू करावे. एक मुद्दा, एक परिच्छेद: आधी म्हणणे, मग त्याचा आधार, मग त्या आधाराची मर्यादा.

नमुना बघा. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘१९७२ च्या भीषण दुष्काळाने जनजीवन विस्कळीत झाले. शेतकरी देशोधडीला लागला. अशा वेळी शासनाने कामे काढून दिलासा दिला.’ यात गाव कुठे आहे? हा परिच्छेद सोलापूरच्या, बीडच्या, नगरच्या कोणत्याही प्रकल्पात खपेल. आता दुसरा, समजा बारा घरांत बोलून झाल्यावर लिहिलेला: ‘तलावाच्या कामावर फक्त भूमिहीन गेले, असे दिसत नाही. मी भेटलेल्या बारा घरांपैकी सात घरांतली माणसे कामावर होती आणि त्यांतल्या चार घरांकडे जमीन होती, पण ती कोरडवाहू. विहीर असलेल्या तीन घरांपैकी एका घरातूनही माणूस कामावर गेला, कारण त्या वर्षी विहीर आटली होती. बारा घरे म्हणजे गाव नव्हे, त्यामुळे हे संपूर्ण गावाला लागू करता येणार नाही.’

आकडे नमुन्यापुरते आहेत, पण फरक लक्षात येईल. दुसऱ्या परिच्छेदाने ‘विहीरवाले कामावर आले नाहीत’ हे गृहीतक अर्धे खरे, अर्धे खोटे ठरवले: प्रश्न विहिरीचा नव्हता, विहिरीतल्या पाण्याचा होता. जमीनवाले शेतकरीही दुष्काळी कामांवर आले होते, हे त्या काळच्या पाहण्यांतही नोंदलेले आहे. म्हणजे गावाची गोष्ट राज्याच्या गोष्टीशी जुळली. शेवटच्या वाक्यातली कबुली गाळू नका. परीक्षक तोंडी परीक्षेत तिथेच बोट ठेवतो आणि तुम्ही आधीच ठेवले असेल तर त्याला पुढे सरकावे लागते.

७. ‘पुन्हा लिहून आणा’

मसुदा परत आला की विद्यार्थी खचतो. लाल शाईतल्या शेऱ्यांना तो स्वतःवरचा निकाल समजतो. इथे एक हकिकत सांगण्याजोगी आहे.

१९१६ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये दाखल झाला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. त्याचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते, ती बोट पाणतीराने बुडाली आणि तिच्याबरोबर पुस्तके व कागदपत्रे गेली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये तो पुन्हा लंडनला गेला. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांना त्यातली मांडणी जड गेली आणि त्यांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपलेले, मायदेशी परतणे भाग. बाबासाहेबांनी मुंबईत बसून प्रबंध नव्याने लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्यावर डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्याची प्रस्तावना मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि लेखकाचे मुख्य मत आपल्याला मान्य नसल्याचे त्यातच सांगून टाकले. तरीही पुस्तकाची भलामण केली.

मार्गदर्शकाशी मतभेद असूनही प्रबंध उत्तम ठरू शकतो, कारण मार्गदर्शक तुमचे मत तपासत नाही, त्यामागचे पुरावे आणि युक्तिवाद तपासतो. शेऱ्यांचे दोन ढीग करा. ‘आधार काय?’, ‘कुठून घेतले?’, ‘अर्थ लागत नाही’ हे शेरे मुकाट्याने मान्य करून दुरुस्त करायचे. ‘मला पटत नाही’ हा शेरा आला तर युक्तिवाद अधिक घट्ट करायचा, मत लगेच बदलायचे नाही. दुरुस्त केलेला मसुदा एकदा मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. मग प्रस्तावना लिहा, मग ऋणनिर्देश, मग बाइंडिंग.

८. एवढे आधी करा

पुस्तके, गॅझेटियर, जनगणनेचे तक्ते पुढच्या सत्रातही जागेवर असतील. १९५५ साली जन्मलेली बाई दुष्काळात सतरा-अठरा वर्षांची होती. आज तिने सत्तरी गाठली आहे आणि मुकादम तर तिच्याहून मोठा असणार. म्हणून विषय असा जवळचा मिळाला असेल तर वाचनाचा क्रम उलटा करा. या रविवारी गावी जाऊन आधी त्यांना भेटा, परवानगी घेऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि घरी आल्यावर त्याच रात्री उतरवून काढा. ग्रंथालयात सोमवारी गेलात तरी चालेल.